खोलीबाहेरचा नियम

भायखळ्याच्या आसपास, घोडपदेवला, आग्रीपाड्यात, मदनपुऱ्यात ज्या जुन्या भाड्याच्या इमारती अजून उभ्या आहेत, तिथे खोलीच्या आतले सगळे ठरलेले असते. भाडेपावतीवर खोलीचा नंबर असतो, भाडेकरूचे नाव असते, मालकाच्या मेहताजीची सही असते. भांडण सुरू होते ते उंबऱ्याबाहेर. जिन्याखाली लावलेली स्कूटर, गॅलरीतले पाण्याचे पिंप, जिन्याच्या वळणावरचे मोडके कपाट, तळमजल्यावरच्या दुकानदाराची खोकी, रात्री अंगणात येऊन लागणाऱ्या बाहेरच्यांच्या गाड्या. या जागांचा पावतीवर उल्लेख नसतो. वापर सगळ्यांचा आणि जबाबदारी कोणाचीच नाही, अशा त्या वर्षानुवर्षे राहतात.

खोलीबाहेर ठेवलेल्या प्रत्येक वस्तूला आपण सरसकट अतिक्रमण म्हणून मोकळे होतो. माझ्या मते त्यात तीन जाती आहेत आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय नियमाबद्दल न्यायाने बोलताच येत नाही. पहिले अतिक्रमण गरजेचे. पाणी ठरावीक वेळेलाच येते आणि खोलीत पाच माणसे झोपतात, म्हणून पिंप बाहेर येते. दुसरे सोयीचे. गाडी रस्त्यावर लावता आली असती, पण जिन्याखाली ती सुरक्षित राहते. तिसरे कमाईचे. मालक अंगण महिन्याच्या बोलीवर पार्किंगला देतो, कोणी तळमजल्याच्या गाळ्यात पोटमाळा काढून गोदाम वाढवतो, कोणी त्यासाठी भिंत पाडतो. इमारतीला सर्वांत जास्त धोका तिसऱ्या जातीचा, आणि कारवाई सर्वांत आधी होते ती पहिल्या जातीवर.

हा क्रम किती महाग पडतो हे पालिकेच्या भायखळ्यातल्याच ‘ई’ विभागाने पाहिले आहे. 27 सप्टेंबर 2013 च्या सकाळी डॉकयार्ड रोडजवळची बाबू गेनू मंडईची इमारत कोसळली आणि 61 माणसे गेली. इमारत महानगरपालिकेची होती आणि वरच्या मजल्यांवर पालिकेच्याच कर्मचाऱ्यांची बिऱ्हाडे होती. तळमजल्याची जागा मंडप-सजावटीच्या सामानाच्या गोदामासाठी भाड्याने दिलेली होती. तिथे परवानगीशिवाय फेरफार केल्याच्या आरोपावरून गोदामाच्या भाडेकरूला अटक झाली आणि पालिकेच्या अभियंत्यांवरही कारवाई झाली. घरमालक आणि नियम लावणारी यंत्रणा इथे एकच होती. तरीही खाली जे चालले होते ते वरच्या माणसांच्या जिवावर बेतेपर्यंत थांबले नाही. चार वर्षांनी, 25 जुलै 2017 ला घाटकोपरची सिद्धी साई इमारत पडली आणि 17 जण दगावले. तिथेही तळमजल्यावरच्या फेरफारांवरच बोट ठेवले गेले. गॅलरीतल्या पिंपामुळे इमारत पडल्याचे मी ऐकलेले नाही.

मग पिंपालाच नोटीस का मिळते? एक कारण उघड आहे: ते दिसते. गाळ्याच्या बंद शटरमागे काय चालते ते पाहायला आत जावे लागते, विचारावे लागते, वजनदार माणसाशी वैर घ्यावे लागते. दुसरे कारण जुने आहे आणि पैशाशी बांधलेले आहे. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी 1940 च्या पातळीला गोठवली. त्या कायद्याने लाखो कामगारांच्या डोक्यावरचे छप्पर राखले, हे ऋण विसरता येणार नाही. पण पन्नास वर्षे भाडे जागच्या जागी राहिले, तशी मालकाची इमारतीतली आस्थाही आटली. 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाडे असे गोठवून ठेवणे अवाजवी ठरवले. त्यानंतर आलेला 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला आणि त्याने वर्षाला 4 टक्के वाढीची मुभा दिली. मूळ आकडाच इतका लहान की त्याच्या 4 टक्क्यांत जिन्याचा दिवाही लागत नाही. खोलीतून काही मिळत नाही म्हटल्यावर मालकाने खोलीबाहेरच्या जागेतून कमाई शोधली. अंगण, गच्ची, तळमजला ही त्याची खरी मिळकत झाली आणि ज्याने नियम लावायचे तोच नियम मोडण्यात भागीदार झाला.

कायदा मात्र आपण समजतो तितका आंधळा नाही. 1999 च्या कायद्यात मालकाच्या संमतीशिवाय कायमचे बांधकाम करणे हे भाडेकरूला बाहेर काढण्याचे कारण आहे. पण लाकडी पडदी, स्वयंपाकाचा ओटा, हवेसाठी पाडलेली खिडकी यांना, लागेल तिथे पालिकेची परवानगी घेतलेली असली तर, त्यातून सूट आहे. म्हणजे कायदा करणाऱ्यांना गरज आणि कमाई यांतला फरक कळत होता. याच कायद्याने पाणी आणि विजेबरोबर जिन्यातला आणि बोळातला उजेड ही अत्यावश्यक सेवा मानली आहे. मालकाला तो तोडता येत नाही. जिन्यातल्या उजेडावर भाडेकरूचा हक्क असेल, तर जिन्यातल्या मोकळ्या वाटेवरही तो असलाच पाहिजे. फरक इतकाच की हा दुसरा हक्क शेजाऱ्याविरुद्धही वापरावा लागतो, आणि तिथे आपण सगळेच गप्प बसतो.

इमारत पाडून टॉवर उभा राहिला की हा प्रश्न संपेल, अशी आशा असते. तो फक्त रूप बदलतो. पुनर्विकासात जुन्या भाडेकरूला किमान 27.88 चौरस मीटर, म्हणजे 300 चौरस फुटांचे घर मिळते. मुंबईच्या 2034 च्या विकास नियमावलीत गाड्यांच्या जागेचे प्रमाण घराच्या आकारावर ठरते: 45 चौरस मीटरपर्यंतच्या चार घरांमागे एक जागा आणि 90 चौरस मीटरच्या वरच्या एका घरामागे दोन. म्हणजे शेजारशेजारच्या दोन इमारतींत, एकीकडे चार कुटुंबांनी एका चौकटीवरून भांडायचे आणि दुसरीकडे एकाच कुटुंबाच्या दोन चौकटी. ज्याची रोजी दुचाकीवर सामान पोहोचवण्याची आहे, तो गाडी प्रवेशद्वाराशी लावतो आणि त्याला दंडाची चिठ्ठी मिळते. मोठ्या गाड्या कमी असाव्यात हे मलाही पटते. पण जागा नाकारून मग शिस्त शिकवणे, याला नियम म्हणणे मला जड जाते.

गाड्यांच्या जागेबाबत जपानने 1962 मध्ये कायदा केला: गाडी ठेवायची जागा दाखवल्याशिवाय गाडीची नोंदणी नाही. ती जागा राहत्या ठिकाणापासून दोन किलोमीटरच्या आत हवी. आपल्या राज्यातही 2025 मध्ये अशा अटीची चर्चा झाली. विचार चांगला आहे, पण भाड्याच्या घरात तो कसा उतरेल हे आधी पाहावे लागेल. भाड्याच्या जागेसाठी जपानमध्ये मालकाचे संमतिपत्र लागते. भायखळ्यात ज्या मालकाशी भाडेकरूचा वीस-वीस वर्षे कोर्टात दावा चालू आहे, तो संमती का देईल? आणि दिलीच तर कोणत्या किमतीला? अंगणात भाडेकरूचा वाटा किती हे आधी लेखी ठरले नाही, तर चांगला नियमही मालकाच्या हातातले नवे हत्यार होईल.

अतिक्रमणाच्या या तीन जातींवर एक आक्षेप खरा आहे आणि तो टाळू नये. आग लागली किंवा इमारत हलली, तर बाहेर धावणाऱ्या माणसाला वाटेतले कपाट गरजेचे की हौसेचे याने काही फरक पडत नाही. मान्य. म्हणून जिन्याची वाट हा तडजोडीचा विषय नाही. ती गरिबाच्या पिंपापासूनही मोकळीच हवी. पण पिंप हलवायला सांगणाऱ्याने ते कुठे ठेवायचे हेही सांगायला हवे, आणि त्याआधी तळमजल्याचे शटर उघडून पाहायला हवे.

करण्यासारखे बरेच आहे आणि त्यातले काही अवघड नाही. म्हाडाचे दुरुस्ती मंडळ दर पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. त्या पाहणीत तळमजल्याचे गाळे, खांब आणि पोटमाळे सक्तीने तपासावेत, आणि अहवाल मराठीत त्याच इमारतीच्या दारावर लावावा. प्रत्येक भाडेकराराला आणि पावतीला जोडून जिना, गॅलरी, अंगण यांचा साधा नकाशा असावा: कोणती जागा कशासाठी, कोणती रिकामीच राहणार. अंगणातून पार्किंगचे पैसे येत असतील, तर त्यांचा हिशेब भाडेकरूंसमोर ठेवून ते आधी दुरुस्तीला लागावेत. नव्या इमारतीत जागा अपुऱ्या असतील, तर दरवर्षी सोडत काढावी आणि तीत पोटभाडेकरूलाही चिठ्ठी टाकता यावी. दुचाकींची जागा वेगळी राखावी. आणि कारवाईचा क्रम लिहून ठेवावा: आधी जे बांधकामाला धोका देते ते, मग ज्यातून कोणी पैसा करतो ते, मग सोयीचे, आणि सर्वांत शेवटी, पर्याय देऊन, गरजेचे.

शेजारी ऐकत नाहीत, ही तक्रार प्रत्येक इमारतीत आहे. पण कमाईसाठी बांधलेल्या पोटमाळ्यावर आधी हातोडा पडलेला ज्यांनी पाहिला, ते आपले पिंप स्वतःहून आत घेतील असा मला विश्वास आहे. मोठ्याला सोडून लहानाला धरणाऱ्या नियमाला माणसे घाबरतात, पण त्याला आपला मानत नाहीत. आणि जो नियम आपला वाटत नाही, तो मोडण्यात कोणाला लाजही वाटत नाही.