दैव, पुरुषकार आणि मनुष्यऋण

बाळाच्या जन्मानंतर पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवून, सटवाईने रात्री यावे आणि त्याच्या कपाळी जे लिहावयाचे ते लिहावे, अशी प्रार्थना करण्याचा प्रघात महाराष्ट्रातील असंख्य घरांत आजही पाळला जातो; परंतु त्याच बाळाला जन्मानंतरच्या पहिल्या 24 तासांत हिपॅटायटिस-बीची लस टोचलेली असते, पोलिओचे थेंब त्याच्या जिभेवर पडलेले असतात आणि क्षयप्रतिबंधक बीसीजीची बारीकशी फुगवटी डाव्या दंडावर उठून विरून गेलेली असते. एकाच घरात, त्याच माणसांकडून घडणाऱ्या या दोन कृतींत विरोध आहे काय, हा प्रश्न शास्त्रार्थाच्या भाषेत कोणी विचारीत नाही. तो आजीच्या तोंडून, ‘नशिबात असेल ते टळत नाही, मग या तान्ह्या जिवाला टोचायचं कशाला?’ इतक्या साध्या शब्दांत येतो. अज्ञान म्हणून झिडकारण्यासारखा तो नाही. कर्मविपाक मानणाऱ्या माणसाचा तो सर्वस्वी न्याय्य प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर त्याच परंपरेच्या आत उभे राहून दिले पाहिजे.

असे उत्तर चरकसंहितेत आहे. विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायाचा विषय जनपदोद्ध्वंस हा आहे. म्हणजे ज्यांची प्रकृती, आहार, बल आणि वय परस्परांहून भिन्न आहेत, अशा माणसांनी भरलेला मुलूख एकाच वेळी एकाच व्याधीने का ओस पडतो, याची त्यात मीमांसा आहे. वायू, उदक, देश आणि काल या सर्वांना समान असलेल्या चार गोष्टी बिघडल्या म्हणजे असे घडते, हे गुरू आत्रेयांनी सांगितल्यावर त्यांचा शिष्य अग्निवेश विचारतो की, माणसाच्या आयुष्याचे प्रमाण नियत आहे की नाही? साथीच्या प्रकरणातच हा प्रश्न निघावा, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. आत्रेयांचे उत्तर असे: पूर्वदेहातील कर्म ते दैव आणि या देहातील कर्म तो पुरुषकार, या दोहोंच्या बलाबलावर आयुष्य अवलंबून असते. दैव दुर्बल असेल तर प्रबल पुरुषकार त्याला मागे सारतो. आणि सर्वांचेच आयुष्य आधी ठरलेले असते, तर कोणी औषध घेतले नसते, मंत्र जपले नसते, की पिसाळलेल्या हत्तीच्या वाटेतून बाजूलाही झाले नसते, असे आत्रेयांचे म्हणणे आहे. पुढे ते गाडीच्या आसाचा दृष्टांत देतात. चांगला आस झिजत झिजत आपल्या मुदतीला संपतो. पण त्याच आसावर अतिभार लादला किंवा वाट विषम असली, तर तो मध्येच मोडतो, आणि अकाली मृत्यू तो हाच.

या दृष्टीने पाहिले असता घटसर्पाने किंवा गोवराने दगावलेले दोन वर्षांचे मूल आपली मुदत भरून गेलेले नसते. येथे चरकाच्या विवेचनाला एक गोष्ट जोडावीशी वाटते. प्रौढ मनुष्य आपले दैव आणि आपला पुरुषकार दोन्ही बरोबर बाळगून असतो. तान्ह्या मुलाजवळ पूर्वकर्म असेल, परंतु पुरुषकार करावयास त्याला अजून पाय नाहीत, वाणी नाही, समज नाही. त्याचा पुरुषकार त्याच्या आईबापांनीच करावयाचा असतो. आणि ते हात बांधून बसले, तर त्या मुलाच्या वाट्याला नुसते दैव उरते.

देवीच्या रोगाने दैव की पुरुषकार हा प्रश्न आपल्याला शतकानुशतके विचारला. घरात देवी आल्या म्हणजे फोडणी बंद होई, कडुलिंबाचे डहाळे लागत, आणि त्या शक्तीचा कोप होऊ नये म्हणून माणसे एकमेकांशी बोलतानासुद्धा आवाज चढू देत नसत. या आचारात जितके भय होते तितकीच शुश्रूषाही होती. म्हणून त्याची टवाळी करणाऱ्यांशी माझे जमत नाही. रोगात दैवी इच्छा पाहण्याची ही वृत्ती आपल्याच देशाची आहे असेही नव्हे. लंडनमध्ये 1722 साली एडमंड मॅसी या धर्मोपदेशकाने, रोग हे परीक्षेसाठी किंवा शासनासाठी ईश्वराकडूनच येतात, सबब टोचून घेणे हे पापाचरण होय, असे प्रवचन केले होते. गांधीजींचाही देवीच्या लसीला विरोध होता, आणि त्यात गाईला होणाऱ्या पीडेचा विचार होता. अशा थोर अंतःकरणांतून आलेल्या विरोधाकडे आदरानेच पाहिले पाहिजे. तथापि पुढे जे घडले तेही पाहिले पाहिजे: भारतातील देवीचा अखेरचा रोगी मे 1975 मध्ये आढळला, आणि 8 मे 1980 रोजी जागतिक आरोग्य सभेने अखिल पृथ्वी या रोगातून मुक्त झाल्याचे जाहीर केले. माहीमच्या शीतलादेवीच्या देवळात मात्र आजही माता आपली मुले घेऊन जातात, आणि श्रावण शुद्ध सप्तमीचे व्रत घरोघरी चालते. रोग गेला आणि भक्ती राहिली. ती भक्ती रोगाच्या आधाराने उभी नव्हतीच, याला याहून मोठा पुरावा कोणता हवा?

दुसरी हरकत अधिक सूक्ष्म आहे. ज्याला होकार-नकार कळत नाही अशा जिवाला, त्याच्या हितासाठी का होईना, वेदना देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? सुश्रुताने कर्णवेधाचे प्रयोजन सांगताना अलंकाराच्याही आधी रक्षेचा उल्लेख केला आहे, आणि सहाव्या-सातव्या महिन्यात बालकाला धात्रीच्या मांडीवर बसवून, खेळण्यांनी रमवून, सांत्वन करीत कान टोचावेत, असा विधी दिला आहे. मला या विधीत फार मोठे नीतितत्त्व दिसते. वेदना द्यावयाची तर ती रक्षणासाठी, योग्य काळी, जाणत्या हाताने आणि आप्ताच्या मांडीवर. लसीकरणाला मी संस्कार मानतो तो याच अर्थाने, आणि संस्कार म्हटला की त्याची पूर्वतयारी आलीच.

ती तयारी अवघड नाही, पण हयगय करण्याजोगीही नाही. माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर असावे. मांडी चटकन उघडी करता येईल असे सैल कपडे बाळाला घालावेत, कारण सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यांतील बहुतेक सुया मांडीच्या बाहेरच्या अंगाला देतात. मागील डोसानंतर काही विपरीत घडले असेल, किंवा बाळाचे दुसरे औषधोपचार चालू असतील, तर ते आधी सांगावे. किरकोळ सर्दी-खोकल्यासाठी तारीख पुढे ढकलू नये. अंगात चांगला ताप असेल तर परिचारिकेला विचारावे. आईने टोचताना बाळाला अंगावर पाजले तर वेदना कमी जाणवते. जाणत्या मुलाला मात्र ‘काही दुखणार नाही’ असे सांगू नये. क्षणभर दुखेल आणि मी धरून बसेन, हेच सत्य त्याला पेलते. बर्फाच्या पेटीतून काढलेल्या कुपीच्या वेष्टनावर एका वर्तुळात लहानसा चौकोन असतो. तो वर्तुळाहून फिका असेल तोवर कुपीला उष्णतेची बाधा झालेली नाही, आणि तो पाहू देण्याची विनंती करण्यात काहीच गैर नाही. नंतर अर्धा तास तेथेच बसावे. रात्री थोडा ताप आला, मांडी हुळहुळली, तर सांगितलेल्या प्रमाणात औषध द्यावे. टोचल्या जागी हळद, तेल, शेक काही नको.

शतपथब्राह्मणात देव, ऋषी आणि पितर यांच्या ऋणांच्या जोडीला मनुष्यांचेही ऋण सांगितले आहे. ते इतक्या प्रत्यक्षपणे दाखविणारी दुसरी कथा मला ठाऊक नाही: व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा असा प्रवास करीत जेन्नरने शोधलेली देवीची लस मुंबईस पोहोचली, आणि 14 जून 1802 रोजी अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली, तिच्या दंडावरील फोडातून घेतलेल्या द्रवाने दुसरी मुले टोचली गेली, आणि मुंबईतून ती लस पुढे अन्य शहरांकडे गेली. एका मुलाचे रक्षण अक्षरशः दुसऱ्या मुलाच्या दंडातून येत होते. आज लस कुपीतून येते, पण नाते पालटलेले नाही. गोवराचा एक रोगी प्रतिकारशक्ती नसलेल्या बारा ते अठरा जणांना रोग देऊ शकतो. आपल्याकडे गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान मिळतो. त्याआधीचे अर्भक, किंवा कर्करोगाच्या उपचारांमुळे ज्याला ही लस देता येत नाही असे मूल, शेजारच्या मुलांनी लस घेतलेली असण्यावरच जगते. आणि समाजातील सुमारे 95 टक्के लोकांत प्रतिकारशक्ती असेल तरच हे कवच टिकते. 2022 साली मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांत गोवर पसरला, तेव्हा हे ऋण थकल्याची किंमत लहान मुलांनी मोजली. ज्याची लस चुकते त्याचे आईबाप केवळ आपल्या मुलापुरता निर्णय घेत नसतात, हे मी आग्रहाने सांगू इच्छितो.

मात्र हा आग्रह दंडाच्या बळाने धरू नये. 1880 च्या कायद्याने काही नगरपालिकांच्या हद्दीत लस सक्तीची करता येऊ लागली. 1897 साली प्लेगच्या बंदोबस्ताच्या नावाखाली पुण्यात घरांच्या झडत्या घेतल्या गेल्या. सरकारी सुईविषयीचा संशय अशाच प्रसंगांतून खोलवर रुजतो. लस सर्वथा निर्धोक आहे असे सांगणेही सत्याला धरून होणार नाही. क्वचित तीव्र प्रतिक्रिया येते, आणि अर्धा तास थांबण्याचा शिरस्ता त्यासाठीच आहे. कोणती लस दिली आणि ती कोणत्या रोगावरची, कोणते त्रास संभवतात व त्यावर काय करावे, पुढची तारीख कोणती, आणि कार्ड जपून ठेवून पुढील खेपेस आणावे, या चार गोष्टी परिचारिकेने प्रत्येक आईला सांगावयाच्या असतात. गर्दीत त्या राहून गेल्या तर आईने थांबून विचाराव्यात. तारीख हुकली असली तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेला डोस पुढे घेता येतो. बोलणी खावी लागतील या भीतीने पुष्कळ आया घरीच राहतात, आणि म्हणून ही गोष्ट आशाताईंनी त्यांच्या दारी जाऊन, न रागावता सांगावी.