थोडा वेळ वारेसाठी

बसा. पाठीला उशी घ्या, पाय थोडे वर राहू द्या. आयव्हीएफनंतर दिवस राहिले की मन एकाच जागी घुटमळतं: बाळ वाढतंय ना, ठोके नीट आहेत ना? आज लक्ष बाळावरून जरा काढू आणि त्याच्या शेजारच्या वारेकडे नेऊ. बिचारीची चौकशी फारसं कुणी करत नाही.

एक श्वास सावकाश घ्या. सोडा.

भ्रूण पाच दिवसांचा झाला, तेव्हाच त्याच्या पेशींची वाटणी झालेली होती. आतल्या पुंजक्यातून बाळ घडायचं होतं, बाहेरच्या थरातून वार. म्हणजे तुमच्या पोटात रुजलेली ही वार मुख्यतः बाळाचीच. इथे क्षणभर थांबा.

आता आणखी आत जा. वारेच्या पेशी गर्भाशयाच्या अस्तरात शिरतात आणि तिथल्या नागमोडी, बारीक धमन्यांच्या भिंती बदलून त्या रुंद, सैल करतात. दारं धरणारा माणूस पाट फोडून पाणी वाफ्याकडे वळवतो, तसंच हे काम. साधारण विसाव्या आठवड्यापर्यंत ते चालतं. दिवस भरत येतात तेव्हा गर्भाशयाला मिनिटाला सहाशे-सातशे मिलिलिटर रक्त मिळत असतं. वाट अपुरी रुंदावली, तर बाळाची वाढ खुंटू शकते, आईचा रक्तदाब चढून प्रीएक्लॅम्प्सिया होऊ शकतो.

प्रसूतीनंतर वार पडली की ती ट्रेमध्ये घेऊन उलटसुलट पाहतात. वजन साधारण अर्धा किलो. आईकडची बाजू गडद लाल, खडबडीत, खंडाखंडांची. बाळाकडची गुळगुळीत, चकाकती, नाळेपासून शिरा फाकत गेलेल्या. एखादा तुकडा आत तर राहिला नाही ना, हे तेव्हा बघतात. पूर्वी सुईणही तेच बघायची.

पुढचा भाग अवघड आहे, सावकाश वाचा. उपचारांनी राहिलेल्या गरोदरपणात वार गर्भाशयाच्या तोंडाशी बसणं, नाळ कडेला जोडली जाणं, वार भिंतीत घट्ट रुतणं आणि प्रीएक्लॅम्प्सिया हे सारं काहीसं जास्त आढळतं. दात्याचं स्त्रीबीज असेल तर प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका आणखी वाढतो. मला सर्वांत विचार करायला लावते ती एक साधी गोष्ट. बीज सुटल्यावर अंडाशयात मागे पीतपिंड उरतो. तो प्रोजेस्टेरॉन देतो आणि रिलॅक्सिनही, जे आईच्या रक्तवाहिन्यांना गरोदरपणासाठी सैलावायला मदत करतं. गोठवलेला भ्रूण सोडताना अस्तर केवळ हार्मोनच्या औषधांनी तयार केलं, तर पीतपिंड बनतच नाही. प्रोजेस्टेरॉन बाहेरून देतात. रिलॅक्सिन दिलं जात नाही. अशा गरोदरपणात प्रीएक्लॅम्प्सिया अधिक दिसतो, आणि संशय या उणिवेवर आहे. पाळी नियमित असेल तर नैसर्गिक चक्रातच भ्रूण सोडावा, हे म्हणणं मला पटतं.

'मी उपचार घेतले म्हणूनच...' असं मनात आलं का? येऊ द्या, पण ते वाक्य पुरतं तपासा. वय, पीसीओएस, एंडोमेट्रिओसिस, आधीचा रक्तदाब, जुळी, ज्या कारणाने मूल होत नव्हतं ते कारण, या सगळ्यांचा यात वाटा असतो. दोष कुणा एकावर टाकता येत नाही, तुमच्यावर तर नाहीच. 6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून आयव्हीएफची मुलगी जन्मली. तेव्हापासून अशी असंख्य बाळंतपणं आपल्याकडे सुखरूप झाली आहेत.

आणखी एक श्वास. मग वही घ्या. भ्रूण ताजा होता की गोठवलेला, चक्र नैसर्गिक होतं की औषधांचं, बीज स्वतःचं की दात्याचं, हे लिहून पहिल्याच भेटीत डॉक्टरांपुढे ठेवा. बाराव्या आठवड्याच्या सुमारास कमी मात्रेचं ॲस्पिरिन लागेल का, ते विचारा. स्वतःहून घेऊ नका. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत वार कुठे आहे, नाळ कुठे जोडली आहे, तेही विचारा. आणि डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे काजवे आले, बरगड्यांखाली दुखलं किंवा अंगावरून रक्त गेलं, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा.