परिस्थिती आणि पुरुषार्थ

मनुष्य परिस्थितीला घडवितो की परिस्थिती मनुष्याला, हा वाद जुनाच आहे. परंतु छत्तीसगडातील भिलाई येथे तो डोळ्यांनी पाहावयास मिळतो. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला तेव्हा दुर्गजवळच्या या प्रदेशात भातशेते व खेडी होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. येथवर मनुष्य हाच कर्ता दिसतो.

पण झोतभट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षे विझविता येत नाही. आतील रस थिजला तर भट्टीच निकामी व्हावयाची. तिच्यासाठी माणसे रात्रंदिवस पाळ्यापाळ्यांनी जागू लागली. ज्यांचे वाडवडील आषाढाच्या ढगांकडे पाहून कामाला लागत, त्यांची झोप, जेवण, सणवारसुद्धा पाळीवर ठरू लागले. निरनिराळ्या प्रांतांतील व जातींतील कुटुंबे एकाच सेक्टरात शेजारी राहू लागली आणि सोवळ्याओवळ्याचे कित्येक निर्बंध कोणाच्या उपदेशावाचून सैल झाले. (उपदेशकांनी मनावर घेण्यासारखी ही गोष्ट आहे.)

तर मग मनुष्य परिस्थितीचा दासच म्हणावा काय? असा निष्कर्ष घाईचा होईल. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाईंचे उदाहरण पाहावे. स्त्रीने पंडवानी बसूनच गावी, उभे राहून गाण्याची कापालिक पद्धती पुरुषांची, अशी रूढी होती. तीजनबाई उभ्या राहिल्या. पुढे याच पोलाद कारखान्यात त्यांनी नोकरी केली आणि भीमाची कथा देशोदेशी ऐकविली. रूढी त्यांनी मोडली खरी. पण ज्या कथेच्या बळावर मोडली, ती त्यांना त्याच गावाने दिली होती.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञचक्राचे विवेचन आहे. परस्परांचे पोषण हा त्याचा गाभा असून, परत न देता जो भोगतो त्याला भगवंतांनी चोर म्हटले आहे. भिलाईला लोहखनिज पुरविले दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांनी. खाणींतील तांबडा गाळ ओढ्यांतून खालच्या भातशेतांत उतरला. तेथील साठे सरत आले, तशी कारखान्याची दृष्टी बस्तरातील रावघाटकडे वळली.

काशीला जाणारा यात्रेकरू ज्या रुळांवरून जातो, त्यांतील पुष्कळसे भिलाईत लाटलेले असतात. तिकिटाचे पैसे त्याने चुकते केले आहेत. राजहऱ्याखालच्या शेतकऱ्याला काय पोचले, हे त्याने अद्याप कोणाला विचारलेले नाही.