माथ्यावरचे चर, पायथ्याची विहीर

विहिरीतले पाणी कोणाचे? ज्याची विहीर त्याचे, असे आपण सहज म्हणतो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानेही जमिनीखाली झिरपलेले पाणी स्वतःच्या हद्दीत उपसून वापरण्याचा हक्क जमीनमालकाला दिला. परंतु जे कायद्याने आपले, ते सद्सद्विवेकबुद्धीच्या न्यायासनापुढेही आपलेच ठरते काय?

या प्रश्नाचा विचार करताना आम्हाला अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील माळरानांची आठवण होते. पर्जन्यछायेतील या दुष्काळी मुलखात स्विस येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी पाणलोट विकासाचा ध्यास घेतला. त्यांच्या प्रेरणेने इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला. १९९३ साली ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ ही संस्था स्थापन झाली. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीसारख्या गावांतून हे काम झाले. पैसा बाहेरून येई, पण अट एकच नव्हती: गावाने श्रमदान करावे, झाडांवर कुऱ्हाड चालवू नये आणि मोकाट चराई थांबवावी.

काम नेहमी माथ्यापासून पायथ्याकडे करायचे असते. डोंगर उघडाबोडका ठेवून आधी ओढ्यावर बांध घातला, तर वाहून आलेल्या मातीने तो लवकरच गाळाने भरतो. म्हणून प्रथम माथ्यावर समपातळी चर, गवत आणि झाडे. मग शेतांचे बांध. आणि शेवटी नालाबांध.

येथेच नैतिक पेच उभा राहतो. माथ्यावर चर खणणाऱ्या हातांपैकी अनेकांच्या नावावर गुंठाभरही जमीन नसते. चराईबंदीची झळ शेळ्या-मेंढ्यांवर पोट असणाऱ्याला सर्वप्रथम लागते. काम चालू असेतो मजुरी मिळते, नंतर तीही संपते. पाणी मात्र जमिनीच्या पोटातून उतरत पायथ्याच्या बागायतदाराच्या विहिरीत जाते. वरच्याने चारा सोडला, खालच्याची विहीर भरली. आता त्या पाण्यावर खालच्याने ऊस लावला, तर त्याने कोणता गुन्हा केला? कायद्याच्या दृष्टीने कोणताच नाही. आणि तरीही आपले मन स्वस्थ राहत नाही.

मन अस्वस्थ होते ते योग्यच आहे. भूमी परमेश्वराची, आपण तिच्यावरचे उपरे, असे लेवीय ग्रंथाचा पंचविसावा अध्याय बजावतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पिण्याचे शुद्ध पाणी हा मूलभूत मानवी हक्क मानला, आणि खासगी मालकीला सर्वांच्या हिताची मर्यादा घातली. तेव्हा वरच्याला दिलेला वाटा हे दान नव्हे. ती ऋणाची परतफेड आहे. दानाने देणारा मोठा होतो, परतफेडीने दोघेही ताठ मानेने उभे राहतात.

ही परतफेड अशक्य नाही. बंदी घातलेल्या रानातले गवत कापून नेण्याचा पहिला हक्क शेळीवाल्याला देता येतो. याच जिल्ह्यातील हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घेण्यास मनाई केली. तेथील ग्रामसभा दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते आणि पिण्याचे पाणी आधी राखून ठेवते.

आपल्यापैकी अनेकांच्या अंगणात विहीर आहे, वाडीत मोटार आहे. तिची कळ दाबताना आपण एवढे तरी स्वतःला विचारावे: हे पाणी आपल्यापर्यंत पोहोचावे म्हणून वर कोणी काय सोडले, आणि त्याचे देणे आपण फेडले आहे काय?