डोळे झाकून ठेवलेला विश्वास

धर्मग्रामाच्या सभागृहात नेत्रशिबिर भरवायचे ठरले, की आपल्याकडे कामांची वाटणी झटपट होते. कोणी नावे लिहून घेतो, कोणी वृद्धांसाठी रिक्षांची सोय पाहतो, चहापाणी महिला मंडळाकडे जाते. अशाच एका बैठकीत आम्ही विचारले, ज्यांना मोतीबिंदू निघेल त्यांची शस्त्रक्रिया कोठे होणार, आणि त्या रुग्णालयाची नोंदणी आहे काय? क्षणभर सारे गप्प झाले. मग एक वडीलधारे गृहस्थ दुखावल्या स्वरात म्हणाले, "फुकट सेवा करणाऱ्यांचीही आता झडती घ्यायची?"

त्यांचे दुःख आम्हांला समजते. मदतीसाठी पुढे आलेल्या हातावर संशय घेणे हा कृतघ्नपणाच वाटतो. परंतु २०२१ च्या नोव्हेंबरात बिहारमधील मुझफ्फरपूर येथे एका नेत्ररुग्णालयाच्या मोफत शिबिरात एकाच दिवशी साठांहून अधिक जणांच्या मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतून जंतुसंसर्ग झाला आणि कित्येकांचा डोळाच काढावा लागला. हेतू शुद्ध असला म्हणून हत्यारे निर्जंतुक होत नाहीत. सरकारी दवाखाना म्हणजे निर्धास्त, असेही कोणी समजू नये. २०१५ साली मध्य प्रदेशात बडवानीच्या जिल्हा रुग्णालयातील शिबिरानंतर असाच अनर्थ झाला होता.

बाजारात आपण भाजी निवडून घेतो, मासळीचे कल्ले उघडून पाहतो. रुग्णाला तशी पारख करता येत नाही. काचबिंदूचेच पाहा. तो दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेकडून विझत जाते आणि गेलेली परत येत नाही. चष्म्याच्या दुकानात नंबर काढून घेतलेला माणूस मात्र 'डोळे तपासले' या समाधानात घरी येतो. डोळ्यातील दाब कोणी मोजलाच नाही, हे त्याला कळावे कसे? तपासणारा मनुष्य किती शिकलेला आहे, हेही तो विचारीत नाही. ऑप्टोमेट्रिस्टसारख्या व्यावसायिकांची नोंदणी व शिक्षणाचे मापदंड देशपातळीवर ठरविणारा कायदा २०२१ सालचा. तोवर या क्षेत्रात पाटी लावणे पुष्कळ सोपे होते.

रुग्णालयांविषयीचा आपल्या राज्याचा कायदा १९४९ चा आहे. रुग्ण दाखल करून घेणाऱ्या शुश्रूषागृहांना तो लागू होतो. त्याखालील २०२१ च्या सुधारित नियमांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लोकांना दिसेल अशी लावणे बंधनकारक केले. केंद्राने २०१० मध्ये केलेला कायदा लहान दवाखान्यांनाही कवेत घेतो. पण आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने तो राज्यांनी स्वीकारावा लागतो, आणि महाराष्ट्राने तो स्वीकारला नाही.

गावातील एकटा डॉक्टर म्हणतो, की या कागदपत्रांच्या ओझ्याखाली मोठी रुग्णालये तगतील आणि आम्ही बुडू. हे म्हणणे थट्टेवारी नेण्यासारखे नाही. रात्री दोन वाजता दार उघडणारा तोच असतो. त्याच्यावर पंचतारांकित अटी लादणे अन्यायच होय, आणि निरीक्षक पाकीट घेऊन परतत असेल तर नोंदणीपत्राला भिंतीवरच्या तसबिरीपेक्षा अधिक किंमत नाही. तथापि नियम वाईट रीतीने राबविला जातो, म्हणून नियमच नको, असे आम्ही म्हणू शकत नाही. त्याची झळ ज्याला लागते तो बहुधा त्या बैठकीला आलेलाच नसतो.

आपण ख्रिस्ती लोकांनी तर येथे अधिक सावध असावे. सिस्टरांच्या दवाखान्यांनी या देशात जी सेवा केली तिचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण त्या अभिमानातूनच 'आपल्या माणसांना कोण विचारणार' ही वृत्ती हळूच शिरते. शासनाची मदत घेणाऱ्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्यात, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली घालून दिली. दानधर्मासाठी स्थापन झालेल्या संस्थांनाही न्यायालयाने आकडा सांगावा लागला, याची आम्हांला थोडी लाजच वाटते.

बैठकीत शेवटी दोघांनी जाऊन रुग्णालय पाहून यावे असे ठरले. दुखावलेले ते गृहस्थ म्हणाले, "मी येतो." त्यांच्या पत्नीचे नाव यादीत तिसरे होते.