कठडा कुणाचा?

बेंगळुरूत मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसवर संध्याकाळी सायकल लावायला जागा मिळणं मुश्कील. फूटपाथवर मोगऱ्याच्या, शेवंतीच्या टोपल्या, पुढे भाजीवाले, कडेला स्कूटरींची रांग. मग नजर बांधण्याजोग्या वस्तू शोधू लागते: फलकाचा खांब, झाडाभोवतीची जाळी, पायऱ्यांचा कठडा.

कुलूप कसं लावावं हे मी नीट शिकून घेतलं आहे. यू-लॉक मागच्या चाकातून, फ्रेमच्या मागच्या त्रिकोणाच्या आत, खांबाभोवती अडकवायचं. चाक आणि फ्रेम दोन्ही जखडली जातात. कुलपाच्या आत मोकळी जागा जितकी कमी, तितकी पहार घालायला अडचण. नुसती केबल कटरपुढे टिकत नाही. ती पुढच्या चाकापुरती. खांब आधी हलवून बघायचा. काही खांब नुसते रोवलेले असतात, आणि बुटक्या खांबावरून सायकल कुलपासकट वर उचलून नेता येते.

एवढा बंदोबस्त करणं म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला चोर ठरवणं नव्हे का? आपल्याकडे शनिशिंगणापूर आहे. तिथल्या घरांना परंपरेने दारंच नसतात. 2011 साली युको बँकेने काढलेली शाखाही बिनकुलपाची म्हणून गाजली. पण तिथे चोरी करणाऱ्यावर शनीचा कोप होतो, अशी श्रद्धा आहे. राखण तिथेही आहेच, फक्त पोलादाची नाही. म्हणून कुलूप लावताना मला अपराधी वाटत नाही. मी कुणाची परीक्षा घेत नाही आणि कुणाला मोहातही पाडत नाही.

माझी बेचैनी दुसरीच आहे. 1930 साली येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजी आश्रमवासीयांना दर आठवड्याला एकेका व्रतावर लिहीत. ती पत्रं पुढे ‘मंगल प्रभात’ म्हणून छापली गेली. अस्तेयाचा, म्हणजे चोरी न करण्याच्या व्रताचा, अर्थ त्यांनी तिथे फार लांबवर नेला आहे. गरज नसलेली वस्तू मालकाच्या परवानगीने घेतली, तरी ती चोरीच.

हे वाचल्यावर मला पायऱ्यांचा कठडा वेगळा दिसू लागला. एकदा एक आजी त्या पायऱ्या उतरत होत्या. उजव्या हातात भाजीची पिशवी, डावा हात कठड्यावरून सरकत खाली येत होता. मध्येच कुणाच्यातरी सायकलचं हँडल आडवं आलं. आजींनी पिशवी खाली ठेवली, अंग वळवलं, आणि सायकलची सीट धरून एकेक पायरी तिरक्या उतरल्या. सायकल पक्की बांधलेली होती. मालकाचं काहीही चोरीला गेलं नाही. आजींचा आधार मात्र गेला होता.

सायकल गेली तर माझे पैसे जातील, आणि ते मला जड जाईल. तरीही कठडा, उतार, आंधळ्या माणसाची काठी जिथून फिरते ती भिंतीलगतची वाट, यांना मी सायकल बांधत नाही. दुकानदाराला कन्नडमध्ये विचारतो, ‘अण्णा, इल्ली निल्लिस्ला?’ – इथे लावू का? बहुतेक वेळा तो मान डोलावतो आणि आपल्या खिडकीचे गज दाखवतो. नाही म्हणाला तर सायकल हातात धरून पुढे चालायचं.

पण हे व्रत एकट्या सायकलवाल्याने का पाळावं? एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली सहज उभ्या राहतात. आठव्या क्रॉसच्या तोंडाशी तेवढी एक जागा सोडून लोखंडी कमानी रोवा, एवढंच माझं रस्ते आखणाऱ्यांकडे मागणं आहे.