अंगण थोडं बिघडू दे

चिपळूण,
रोहिणीचा शेवटचा आठवडा

चि. मृणाल,


प्लास्टिकची घसरगुंडी घेऊ नकोस. लॉनही आत्ता नको. घसरगुंडीवर मुलं चार दिवस घसरतील आणि मग तिच्यावर गोधड्या वाळत पडतील. लॉनचं त्याहून वाईट. पैसे घालून हिरवळ अंथरली की ‘तिकडे खणू नका, इकडे पाणी सांडू नका’ असं दिवसभर ओरडणं तुझ्या वाट्याला येणार. पोरांना खेळायला माती मिळावी म्हणूनच तुम्ही पुण्यात तळमजल्याचं घर शोधलंत ना? मग त्या अंगणातला एक कोपरा त्यांच्या नावाने सोडून दे. दोन चटया मावतील एवढा पुरे. तिथे त्यांनी खड्डा केला, चिखल केला, उकिरडा केला तरी तू बोलायचं नाहीस. निखिलरावांनी तर मुळीच नाही. त्यांना घरासमोरचं सगळं लखलखीत लागतं, ते लखलखीतपण बाकीच्या अंगणात करू देत.

त्या कोपऱ्यात माळ्यावरचं टाकाऊ सामान जाऊ दे: पोचे आलेलं पातेलं, तुटक्या दांड्याची पळी, गाळणं, चार करवंट्या. एक वस्तू मात्र विकत घे, ती म्हणजे लहानसं लोखंडी खुरपं. खेळण्यातलं प्लास्टिकचं फावडं काळ्या मातीत पहिल्याच दिवशी मोडतं आणि पोरांना वाटतं, खणणं आपल्याला जमत नाही. मल्हार पाच वर्षांचा आहे, तेव्हा पहिले काही दिवस जवळ बस. पाणी दिवसाला एक बादली. संपली की संपली. दोघं त्यावरून भांडतील. भांडू देत, तिसऱ्या दिवशी ओवी स्वतःच वाटणी ठरवेल.

आता लागवडीचं. मृग लागला की तेरडा आणि गुलबक्षी टाका, दोन्हींच्या बिया सोबत पाठवते. पोरांच्या खेळासाठी या दोन झाडांच्या जवळपास येणारं दुसरं काही मला तरी ठाऊक नाही. तेरड्याचं पिकलेलं बोंड चिमटीत धरलं की फटकन फुटतं, साल आतल्या आत गुंडाळली जाते आणि बिया उडतात. कच्चं बोंड कितीही दाबा, ढिम्म. पिकलेलं कुठलं हे रंगावरून आणि फुगीरपणावरून कळायला पोरांना आठवडा लागतो, आणि त्या आठवड्यात ती तेरड्यासमोर जितका वेळ उकिडवी बसतील तितका वेळ टीव्हीसमोरही बसणार नाहीत. उडालेल्या बियांतून पुन्हा रोपं येतात. गौरी बसतील तेव्हा तुला बाजारातून तेरडा आणावा लागणार नाही.

गुलबक्षी दुपारी चारनंतर उमलते, म्हणजे शाळेतून आल्यावर बरोबर सापडते. तिच्या फुलाची नळी लांब असते, म्हणून दोरा न घेता नुसत्या नळ्या गुंफून वेणी होते. ओवीला कर म्हणावं, आणि मल्हारला वगळू नकोस, त्याची बोटं नाजूक कामाला चांगली आहेत. काळ्या मिऱ्यासारख्या दिसणाऱ्या तिच्या बिया मात्र तोंडात घालायच्या नाहीत, पोटाला बाधतात.

कुंपणावर गोकर्ण चढव, निळी. आठ-दहा फुलं वाटीभर गरम पाण्यात टाकली की गर्द निळं पाणी सुटतं. ते दोन वाट्यांत कर. एका वाटीत लिंबू पिळलं की पाणी आधी जांभळं, मग गुलाबी होतं. दुसऱ्या वाटीत खायचा सोडा टाकला की हिरवट. हळदीचंही तसंच. कागदावर हळदीचं पाणी फासून वाळवा आणि साबणाच्या पाण्यात बोट बुडवून लिहा, अक्षरं तांबडी उमटतात. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर. हे पोरांना आधी सांगू नकोस. त्यांनी विचारलं तरच सांग, आणि तेही दुसऱ्या दिवशी.

फुगे उडवायला बाजारातली बाटली नको. सात-आठ रिठे रात्री कोमट पाण्यात भिजत घाला, सकाळी चोळून गाळा. नळी म्हणून पपईच्या पानाचा देठ. तो आतून पोकळ असतो. त्याला चीक असतो, म्हणून कापून, धुऊन दोन दिवस वाळू द्यायचा. फुंकायचं बाहेर, ओढायचं नाही, आणि डोळ्यांत गेलं तर झोंबतं, हे दोन्ही बजाव.

कढीपत्ता तुमच्याकडे आहेच, शेजारी एक लिंबाचं रोप लाव. पानांवर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काही दिसलं तर पुसायला जाऊ नकोस, नीट बघ. ती फुलपाखराची अळी असते. वाढली की हिरवी होते, आणि डिवचलं की डोक्यामागून तांबूस-केशरी शिंगं बाहेर काढून उग्र वास सोडते. पोरं किंचाळतील आणि पुन्हा डिवचतील. एकदा पुरे म्हणावं. पानं कुरतडली म्हणून औषध फवारायचं नाही. पोह्यातला कढीपत्ता महिनाभर भाजीवाल्याकडून आण. लिंबाच्या कुळातल्या झाडांवर ब्लू मॉरमॉन, म्हणजे नीलवंतही अंडी घालतं. महाराष्ट्राने २०१५ मध्ये त्याला राज्य फुलपाखरू केलं. ते आलंच तर मला लगेच फोन कर. चतुर पकडून त्याच्या शेपटीला दोरा बांधणं मात्र अजिबात चालू देऊ नकोस. आमच्या वेळी सगळे करायचे, म्हणून ते चांगलं ठरत नाही.

दिवाळीच्या किल्ल्याचं आत्ताच डोक्यात ठेव. हा सगळा चिखल तेव्हा कामी येईल. अळीव चार-पाच दिवस आधी पेरायचं, म्हणजे लक्ष्मीपूजनाला तट हिरवा होतो. तयार रंगवलेला किल्ला आणलास तर माझ्याशी गाठ आहे.

भीती कशाची बाळगायची, तेही लिहिते. कारण तू नको तिथे घाबरतेस आणि हवं तिथे नाही. गुडघा फुटला तर पाणी, साबण आणि पट्टी. धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेवर झालंय ना, तेवढं बघ. पण तुमच्या गल्लीच्या तोंडाशी पिवळ्या कण्हेरीचं झाड आहे, मी पाहिलंय. तिच्या बिट्ट्यांनी आम्ही खेळायचो, तरी ती बी विषारी आहे आणि मल्हार अजून सगळं तोंडात घालतो. तेच गुंजेचं, धोत्र्याचं, मोगली एरंडाचं. रुईचा चीक डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही. पावसाळ्यात विटांचा नाहीतर पाल्याचा ढीग उचलण्याआधी काठीने आपटायचा. इथे आम्हाला फुरशाची धास्ती म्हणून ही सवय लागली, पण विंचू तिकडेही असतात. आणि करवंट्या, टायर, पातेली यांत पाणी साचू द्यायचं नाही. डेंग्यूच्या डासाला आठ-दहा दिवसांत पिल्लावळ उठवायला करवंटीभर पाणी पुरतं. रविवारी सगळं पालथं घालणं हे ओवीचं काम.

तुझे बाबा येत्या शनिवारी तिकडे निघतायत. त्यांच्याबरोबर बिया, वाटीभर सागरगोटे आणि पोफळीच्या दोन विऱ्या पाठवते. विरीवर एकाने बसायचं, दुसऱ्याने पुढून ओढायचं. कोपऱ्यातली माती थोडी ओली केली की झकास घसरते. पाचसहा दिवसांत फाटेल, मग फेकून दे. इथे रोज पडतायत, सांगशील तेव्हा आणखी पाठवीन. बाबांना बसमध्ये त्या धरून बसायची लाज वाटणार आहे, त्यांना आधीच फोन करून पटवून ठेव.

तुझी,
सुमामावशी